पायलीवरची शीग

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पायली आहे. तांबटाने मला घडवले तेव्हा माझ्या अंगात माणसाचे तोंड दिसे. आता कड थोडी दबली आहे, पण ज्वारी अजून चोख मापते.

नीलम्माअव्वा लग्न होऊन सोलापुरात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही आले. त्या घरची रीत मोठी छान. भाऊबंदांच्या चुली वेगळ्या, पण ज्वारीची कोठी एकच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे जमत. ज्याची कमाई चांगली, तो मला शिगेपर्यंत भरून कोठीत ओती. ज्याची बेताची, तो काठावरून हात फिरवून सपाट घाली. ज्याला काहीच नाही, त्याने नुसते यावे. नेताना मात्र कमाई विचारायची नाही, घरातली तोंडे बघायची.

अव्वांचा थोरला मुलगा गेला आणि सून सिद्धेश्वरी तीन लेकरांसह याच कोठीवर राहिली. पुढे तिला सात रस्त्याजवळ शिवणकाम मिळाले. पुढच्या सोमवारी कोठीपाशी पेढे वाटले जात होते, तेवढ्यात तिचा दीर शिवानंद म्हणाला, "वैनी आता कमावत्या झाल्या की. त्यांचा वाटा बंद करा."

सिद्धेश्वरीचा पेढा हातातच राहिला. "भावजी, पगार यायचा आन् तेवढीच ज्वारी जायची. मग कामाला जाऊ कशाला? उद्या नको म्हणून सांगते."



"ती कमावती झाली म्हणून लेकरांची तोंडं कमी झाली व्हय रं?" अव्वा म्हणाल्या.

"पण अव्वा, माझ्या घरात दोनच तोंडं. मी शिगेनं का घालू?"

"तू ल्हान हुतास तवा एकटा चार भाकरी हाणायचास. तुझा काका शिगेनं घालायचा. त्याला तर लेकरूबी नव्हतं."

शिवानंदची बायको दाक्षायणी खुदकन हसली. "चार? अजून पाचवी मागत्यात की!"

सगळे घर हसले. शिवानंदही हसला आणि त्याने मला शिगेने भरले. सिद्धेश्वरीने सपाट घालायचे, वाटा होता तसाच, असे ठरले. ती कामावर गेली.

तिची लेक आरोही आता कॉलेजात आहे. परवा म्हणाली, "अव्वा, आज प्राप्तिकर शिकवला. जास्त कमाईला जास्त, थोड्या कमाईला माफ. सरकारकडंबी पायली हाय की!"

यंदा शिवानंदच्या दुकानासमोर रस्ता खणलाय, गिऱ्हाईक आटलंय. या सोमवारी त्याने खाली मान घालून मला सपाट केले. मागून सिद्धेश्वरी आली. तिने मला इतके भरले, की दाणे घरंगळत त्याच्या पायाशी गेले.

"भावजी," ती म्हणाली, "पाचवी भाकरी सोडायची न्हाय बरं का!"

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, लखलखीत ठेवा, पण शोभेसाठी कपाटात कोंडू नका. माझी शीग हातोहात फिरू द्या.