मोकळे घाट

सोनुबाईला नाचाचं वावडं नव्हतं, पण नदीच्या पात्रात नाच हे काही तिच्या गळी उतरेना. "शाळंचं पटांगण काय ओस पडलंय?" असं तिनं हर्षलाला तोंडावर विचारलं होतं.

हर्षलाचा नेरळला नाचाचा क्लास. नाच थेटरात तिकिटवाल्यांपुरता कोंडायचा नाही, माणसं रोज जिथं धुणं धुतात, गुरं पाजतात तिथं न्यायचा, हे तिचं वेड. "आजी, तुमच्याच घाटावर. तुम्ही पहिल्या रांगेत," ती म्हणाली. आता म्हाताऱ्या माणसाला पहिली रांग दिली की बोलणंच खुंटलं. त्यात नात नाचणार होती. सुरभी, आईमागं सोनुबाईनंच वाढवलेली. तिच्यावाचून म्हातारीला दुसरं होतं कोण?

वरच्या वीजघरातून पाणी सुटायची वेळ ठरलेली नसे. पाणी चढताना दिसलं की सगळ्यात वरच्या घाटावरची बाई हाळी द्यायची. ती ऐकून मधली द्यायची, मग सगळ्यात खालची, सोनुबाई. हाळी आली की धुणं उचलून बाहेर. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. त्या भरवशावर गावानं नाचाला पात्रातला मोठा खडक दिला. घाटावर बाई नाही असा दिवस कुणी पाहिलाच नव्हता.

रविवारी चारला काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. पार शिळफाट्याहून माणसं आलेली. खडकावर पाच पोरी हातात हात गुंफून नाचत होत्या. सुरभी तर दृष्ट लागावी अशी दिसत होती. तरी सोनुबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्पीकरवर गाणं लागायच्या आधीपासूनच वरनं धुणं आपटल्याचा आवाज आला नव्हता.

एवढ्यात एक बाई तिच्या शेजारी येऊन टेकली. वरच्या घाटावरची बायजा.

"तू हितं? मंग वर कोन हाय गं?"

"कोन असनार? माझी समिधा नाय का नाचत, तुझ्या सुरभीच्या बाजूला? तू नाय आलीस व्हय?"

सोनुबाईनं मागं पाहिलं. मधल्या घाटावरची नंदा लेकरू कडेवर घेऊन उभी होती. म्हातारीनं झटक्यात नदीकडं पाहिलं. समोर धुण्याचा दगड निम्मा पाण्यात गेला होता.

तिनं हाळी दिली, पण स्पीकरपुढं ती कुणाला ऐकू जाणार? मागून कुणी ओरडलं, "आजी, बसा खाली, दिसत नाय." ती सरळ पाण्यात उतरली. खडकाशी पोचेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. पोरी घाबरून एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या. सोनुबाईनं सुरभीचं मनगट पकडलं आणि ओढलं. सुरभीचा दुसरा हात समिधाच्या मुठीत होता.

"आजी, थांब, समिधा..."

म्हातारी थांबली नाही. तिनं ती बोटं सोडवली, एकेक करून.

मागाहून गड्यांनी उड्या टाकल्या. त्यांनी तिघींना काढलं.

काठावर सोनुबाई नातीला पोटाशी धरून बसली होती. बायजा प्रत्येक पोरीच्या तोंडाकडं बघत बघत तिच्यापर्यंत आली.

"तुझी गावली नं? बरं झालं गं बाय," ती म्हणाली. "माझी कुनाचा हात धरून व्हती?"

सुरभीनं तोंड उघडलं. सोनुबाईनं तिचं डोकं पदरात दाबून धरलं.