चार खोल्या, एकच बांगडा

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. वाण्याचा नव्हे, आहारशास्त्राच्या एका कचेरीचा. माणसं रोज काय खातात ते औंसांत मोजायला मला घडवलं. पितळेची दोन पारडी, सागवानी पेटी, आत मखमल. मी कधी खोटं तोलत नाही, याचा मला भारी माज होता. तो लालबागच्या एका चाळीत उतरला.

साल छप्पन्न. रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालू होत्या. कचेरीत काम करणाऱ्या, गिरगावातल्या सुमतीताई मला घेऊन चाळीत आल्या. काम सोपं होतं. चूल पेटण्याआधी घरातलं धान्य तोलायचं आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचं. आकडा कमी निघाला, तर चाळीतल्या पोरांना रोज दूध मिळणार होतं. पण हे चाळीत कुणाला सांगायचं नाही, अशी कचेरीतल्या साहेबांची सक्त ताकीद होती. सांगितलं की हे लोक मुद्दाम कमी दाखवतात म्हणे.

पहिली खोली रखमाची. तिचा नवरा जयवंत सत्याग्रहात तुरुंगात गेलेला. घरात ती, सासू आणि तीन वर्षांची चंपा. चंपाचे दंड माझ्या दांडीएवढे. तरी माझ्या पारड्यात बावीस औंस तांदूळ पडला, शिवाय एक खारा बांगडा, शेपटी तुटलेला.

दुसऱ्या खोलीत बावीस औंस. बांगडा, शेपटी तुटलेला. तिसरीतही तेच. चौथीत मात्र ताईंनी लेखणी खाली ठेवली. तांदूळ चाळीतच खानावळ चालवणाऱ्या गंगुबाईंचा होता आणि मागच्या गॅलरीतून हातोहात आमच्या पुढे पुढे पळत होता.

"हा बांगडा मघाशी रखमाबाईंकडे भेटला होता," ताई म्हणाल्या. "चालत येतो वाटतं."

दाराशी उभ्या गंगुबाई पदराआड हसल्या. "मालवणचो तो. एका जागी बसाचो नाय."

ताई रखमाकडे परतल्या. "असं का केलंत हो?"

"दारात पावनो इलो तर तेच्यापुढे रिकामो टोप ठेवूचो काय?"

तेव्हा ताईंनी ताकीद मोडली आणि दुधाचं सांगून टाकलं. रखमा कळवळली.

"मगे आधी सांगूक नाय व्हया? माज्या चेडवाच्या, चंपाच्या तोंडचा दूध मियाच ओतून टाकलंय."

तिने खरा डबा काढला. सहा औंस कण्या. खाणारी तोंडं तीन.

"म्हणजे प्रत्येकी दोन," ताई पुटपुटल्या.

"माका खंयचे दोन," रखमा म्हणाली. "मी मागसून जेवतंय. उरली तर पेज."

कागदावर रखमाला तिसरा हिस्सा मिळत होता. ताटात मिळत नव्हता. इतकी वर्षं मी अचूक तोलत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

ताईंनी चारी खोल्या पुन्हा तोलून खरे आकडे कचेरीत नेले. साहेबांनी ते लाल पेन्सिलीने खोडले. "पहिलं वजन शास्त्रशुद्ध. दुसरं दुधाच्या आशेने दाखवलेलं."

"साहेब, बांगडा एकच होता."

"त्याला आपल्याकडे रकाना नाही."

अहवालात चाळीचा आहार समाधानकारक ठरला. खाली छापलं, तराजू अचूक होता. म्हणजे साक्षीदार मी. मित्रांनो, ज्याने आयुष्यात एकदाही रिकामा टोप पाहिला नाही, त्या माणसाने माझं नाव पुढे करून पोरांचं दूध तोडलं. माझी पारडी वितळवून घंटा केली असती, तरी मला एवढी लाज वाटली नसती.

पुढे महाराष्ट्र झाला. जयवंत त्याआधीच सुटून आला होता. चाळीत दूध आलं नाही. चंपाचं काय झालं मला माहीत नाही, कारण तोवर मला संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात बसवलं होतं. आता तुमच्या शाळेच्या सहली येतात. पारडी किती लखलखतात, म्हणून तुमच्या बाई कौतुक करतात.

मला पुसणं बंद करा. काळजी घ्यायची तर माझी नको. आज घरी जा आणि सगळ्यांच्या मागून कोण जेवतं ते पाहा. तिच्या ताटात काय उरलंय तेही पाहा. ते ताट माझ्या पारड्यात कधीच कुणी ठेवलं नाही.