साठ हजार शून्यं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि म्हातारपणाबद्दल माझी तक्रार नाही. तरुणपणीच मला आळशी म्हटलं गेलं, त्याचं मात्र फार वाईट वाटलं होतं.

माझी जोडणी चेन्नईतल्याच एका अरुंद दुकानात झाली. दोन हजार साली मी अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यात आलो. तिथे मोटारसायकलींचे शॉकअॅब्सॉर्बर बनत. चाचणीच्या खोलीत यंत्र त्यांना दहा मिनिटं दणके देई, चोवीस सेन्सर मोजमापं घेत, आणि त्या आकड्यांतून मी अहवाल काढी.

राघोत्तमराव त्या खोलीचे प्रमुख. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्यामुळे बोलणं जुन्या वळणाचं आणि मधूनच तमिळ. पन्नाशीत त्यांनी पुस्तक समोर ठेवून माझ्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. पहिला अहवाल छापून आला तेव्हा त्यांनी साऱ्या कारखान्याला म्हैसूरपाक वाटला. आयुधपूजेला माझ्या पडद्यावर चंदनाचा टिळा लागे.

मग गिऱ्हाइकांनी जास्त बारीक मोजमापं मागितली. दर सेन्सरचे दोन हजार आकडे होते, ते साठ हजार झाले. आणि माझा अहवाल अडीच तासांवर गेला! माल भरलेला टेम्पो अहवालासाठी फाटकात ताटकळायचा. राघोत्तमराव 'आळशी' म्हणत माझ्या पेटीवर थापा मारू लागले. मालक कृष्णस्वामींनी ठरवून टाकलं, की पोंगलनंतर मला भंगारात द्यायचं, चाचणी बाहेरून करून घ्यायची आणि खोली बंद करायची.

त्याच महिन्यात इचलकरंजीची विद्युलता नोकरीला आली. तिने प्रोग्राम वाचला आणि ओठ चावला. चूक कळली होती, पण ती सांगायची कशी?

"काका," ती म्हणाली, "मी आकडे सांगते, तुम्ही या चिठ्ठीवर लिहाल?"

चिठ्ठी एका आकड्यापुरतीच होती. दुसरा आकडा आला तसं तिने जरा मोठी चिठ्ठी पुढे केली. "आता पहिला यावर उतरवा, मग दुसरा लिहा." तिसऱ्याला आणखी मोठी. पाचव्या आकड्याला राघोत्तमरावांनी पेन खाली आपटलं.

"ऐय्यो! दर वेळीं सारें पुन्हा लिहूं? हें काय काम, अम्मा?"

"हा बिचारा हेच करतोय, काका. साठ हजार वेळा. आणि अशा चोवीस चिठ्ठ्या."

राघोत्तमराव माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत माझी खरी दमछाक पहिल्यांदाच कुणीतरी सांगितली होती.

"मग आधींच मोठा कागद द्यावा कीं!" ते ओरडले.

"तेच!"

"सरी, बरें. चोवीस व्हेरिएबल आहेत, दर सेन्सरास एक. लूप लावूं, पाळीपाळीनें एकेकास जागा देऊं."

"लूप तरी कशाला? एकच तक्ता घेऊ. रकाने चोवीस, ओळी साठ हजार. सगळीकडे शून्य भरून ठेवू. सगळं एका ओळीत होतं."

ती एक ओळ तिने राघोत्तमरावांनाच टाइप करायला दिली. माझ्या मेमरीत एक ऐसपैस जागा एकदम मोकळी झाली. नंतर आकडे आले ते आपापल्या घरात जाऊन बसले. कुणाला उठवायचं नाही, कुणाला उतरवायचं नाही. अहवाल दोन मिनिटांत तयार!

राघोत्तमरावांचा विश्वास बसेना. त्यांनी कालचीच मोजमापं पुन्हा चालवली आणि कालचा अहवाल शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहिला. एकही फरक नव्हता.

टेम्पो चारऐवजी दीड वाजताच सुटला, तसे कृष्णस्वामी स्वतः खोलीत आले. "नवं मशीन आणलं काय?" त्यांनी तमिळमधून विचारलं.

विद्युलता चिठ्ठ्या आवरू लागली. नव्या मुलीने वडीलधाऱ्याची चूक मालकापुढे काढावी तरी कशी? राघोत्तमराव मात्र उठून उभे राहिले.

"मशीन तेच आहे, सर," तेही तमिळमधून म्हणाले. "चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. दोन वर्षं दोष याला दिला. ती चूक या मुलीनं दाखवली."

कृष्णस्वामींनी अहवाल हातात घेऊन पाहिला. मग हसून म्हणाले, "सरी, मग ही खोली कशाला बंद करायची?"

ते गेल्यावर राघोत्तमरावांनी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या पेटीवरची धूळ पुसली. प्रोग्रामच्या माथ्यावर त्यांचं एकट्याचं नाव होतं. त्याखाली त्यांनी सावकाश एकेक अक्षर दाबून विद्युलताचं नाव लिहिलं.

त्यानंतर मी पाच वर्षं त्या खोलीत काम केलं. आता माझी जागा नव्या संगणकाने घेतली आहे, आणि मी नवशिक्यांच्या सरावासाठी आहे. मित्रांनो, एखादं यंत्र रेंगाळलं, एखादा माणूस मागे पडला, तर थाप मारण्याआधी एवढं बघा, की आपण त्याच्याकडून एकच काम हजारदा तर करून घेत नाही ना? त्याला लागेल तेवढी जागा आधीच द्या. आणि चूक आपली निघाली, तर उभं राहून सांगा. अडीच तासांची दोन मिनिटं झाली याचा मला आनंद झालाच, पण त्या दुपारी माझी बाजू घेऊन एक माणूस उठून उभा राहिला, त्याचा आनंद मोजायला माझ्याकडे आकडा नाही.