एकोणीस दुरुस्त्या

अकरा वर्षं वकिली करून तिनं वर्तमानपत्रात कोर्टाच्या बातम्या लिहायची नोकरी धरली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "म्हणजे आता लोकांची भांडणं नुसती बघणार? ती तर जिन्यात उभं राहूनही बघता येतात." दारावरची 'वकील' ही पितळी पाटी मात्र आईनं काढू दिली नाही. महिनाभराचंच तर खूळ आहे, असं तिचं मत.

मत अगदीच निराधार नव्हतं. संपादकांनी लेकीला महिन्याच्याच बोलीवर घेतलं होतं आणि त्यातले सव्वीस दिवस सरले होते. तेवढ्या दिवसांत तिच्या नावानं छापून आलेल्या ओळी एकूण चौदा. पहिल्या बातमीत तिनं परिच्छेदांना क्रमांक घातले होते. दुसरीचा शेवट 'सबब ही बातमी' असा केला होता.

"वकीलबाई," संपादक चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "काय घडलं ते तुमच्या सातव्या परिच्छेदात कळतं. तोवर वाचक राशिभविष्यावर पोचलेला असतो."

"आधीचे सहा पार्श्वभूमीचे आहेत."

"न्यायाधीशांना बसून वाचायचा पगार मिळतो, बाई. आपला वाचक उभ्यानं वाचतो. शुक्रवारी लिफ्टच्या खटल्याची सुनावणी आहे. ती बातमी नीट आली तर बघू. नाहीतर तुमची पाटी अजून दारावर आहे, असं ऐकतो."

लिफ्टचा खटला साधा होता. गेल्या जूनच्या नऊ तारखेला एका सातमजली इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली कोसळली आणि आत असलेल्या एका शिक्षिकेचे दोन्ही पाय मोडले. लिफ्टची तार झिजल्याची लेखी तक्रार आम्ही त्याच महिन्यात आधीच दिली होती, असं रहिवाशांचं म्हणणं. पोच घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. अशी तक्रार आम्हाला मिळालीच नाही, असं लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं प्रतिज्ञापत्र; म्हणजे खोटं असलं तरी शपथेवरचं. कंपनीचे वकील होते सर. ज्यांच्या हाताखाली तिनं ती अकरा वर्षं काढली, तेच.

सरांच्या टेबलावरून एकही कागद लाल शाई लागल्याशिवाय परत येत नसे. तिचा राजीनामासुद्धा त्यांनी तीन दुरुस्त्या करून परत दिला होता आणि स्वच्छ प्रत हाती आल्यावरच मंजूर केला होता.

शुक्रवारी तीनच्या सुमारास तिची बातमी लिहून झाली. मग तिच्या हातांनी अकरा वर्षांची सवय पाळली. कागद दाखल करण्याआधी समोरच्या पक्षाला प्रत द्यायची असते. तिनं अख्खी बातमी सरांना ईमेलनं धाडून दिली.

"अख्खी?" ते कळताच संपादक उभे राहिले. "छापायच्या आधी? कंपनीच्या वकिलाला?"

"प्रत दिल्याशिवाय..."

"अहो, हे कोर्ट नाही! आता सहाच्या आत नोटीस येईल. बातमी जाईल आणि तिच्या पाठोपाठ तुम्ही."

पावणेपाचला आली ती नोटीस नव्हती. सरांनी बातमी कागदावर काढून घेतली होती, लाल शाईनं तपासली होती आणि त्या कागदाचा फोटो पाठवला होता. एकोणीस दुरुस्त्या, प्रत्येकीला क्रमांक. 'कोसळली'च्या जागी 'निसटली'. 'झिजलेली'च्या जागी 'वापरातील'. दोन वाक्यांपुढे नुसतंच 'अरेरे'. आणि जिथे तिनं, रहिवाशांच्या म्हणण्यानुसार कंपनीला तक्रार तीन तारखेला मिळाली, असं लिहिलं होतं, तिथे अकरावी दुरुस्ती: 'तीन नव्हे, पाच. पत्र कंपनीला पाच तारखेला मिळालं. तारखा तपासून लिहीत जा, किती वेळा सांगायचं?'

तिनं ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा पाचच होते.

संपादकांनीही वाचलं आणि खाली बसले. "यांना कळलंय का, स्वतः काय लिहिलंय ते?"

"चूक दिसली की सरांना बाकी काही दिसत नाही."

तिनं उत्तर लिहिलं: 'आदरणीय सर, आपल्या दुरुस्त्या आपली प्रतिक्रिया म्हणून छापू का? विशेषतः क्रमांक अकरा.' आणि फोनकडे बघत बसली. उचलून म्हणता आलं असतं, सर, अकरावी पुन्हा एकदा वाचा. अकरा वर्षांचं मीठ म्हणतात ते हेच असावं. पण त्या शिक्षिकेची चाकांची खुर्ची सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवरून चौघांनी उचलून वर नेली होती, आणि तेव्हा सर बाजूनं फायलीत डोकं घालून चढले होते. शिवाय 'विशेषतः' हा शब्द तिनं घातला होता. याहून जोरात ओरडायला सरांनी तिला शिकवलंच नव्हतं.

चार मिनिटांत उत्तर आलं: 'छापाव्यात. एकही गाळू नये.'

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता: 'तक्रार पाच तारखेलाच मिळाली: कंपनीच्या वकिलांची दुरुस्ती'. खाली तिचं नाव. काय घडलं ते पहिल्याच ओळीत.

आठ वाजून दहा मिनिटांनी सरांचा फोन आला.

"बातमी वाचली."

"हो, सर."

"अठरा दुरुस्त्या गाळल्यास."

"जागा नव्हती, सर. एकच बसली."

पलीकडे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "तारीख बरोबर आहे," आणि त्यांनी फोन ठेवला. ती जिंकली होती खरी, पण सकाळचा चहा तिच्यानं संपवला गेला नाही.

दुपारी संपादकांनी नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं. "वाचा आणि सही करा. तुमची पाटी काढायला आईंना सांगा."

"आईनं सकाळीच तिला पॉलिश केलं. म्हणाली, आता तर चार लोक बघायला येतील."

तिनं पर्समधून लाल पेन काढलं आणि पत्र वाचू लागली. चौथ्या ओळीत चूक सापडली. वर्षाला वीस रजा असं ठरलं होतं, आणि टाइप करणाऱ्यानं तीस लिहिलं होतं. पेन आपोआप त्या आकड्यावर गेलं.

"काय झालं?" संपादकांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. लाल पेनला टोपण घातलं आणि निळ्यानं सही केली.