स्मारकावरची मोकळी ओळ

शनिवारी सकाळी पाथरवटाच्या अंगणात नेहमीसारखं काम चाललं होतं. म्हातारा छिन्न्यांना धार लावत होता, म्हातारी पायरीवर बसून भाजी निवडत होती, आणि सून दाराशी मशीन ओढून पांढऱ्या कापडाला टीप मारत होती. गावच्या युद्धस्मारकाला नवा दगड लागायचा होता, त्याच्या अनावरणाचं हे कापड. दगड अंगणातच दोन ठोकळ्यांवर टेकवून उभा होता. त्यावर तीन नावं यायची होती. दोन कोरून झाली होती. तिसरं नुसतं खडूनं आखलेलं होतं. ते म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे मशीनवर बसलेल्या त्या सुनेच्या नवऱ्याचं.

लढाई थांबून चार वर्षं झाली होती, तरी गावात नावं वाढतच होती.

हे कसं, ते सांगायला हवं. लढाईवरून परतलेल्या माणसांना आमच्या गावात फार अपघात होतात. पाववाल्याचा मुलगा गच्चीवरून पडला. टांगेवाल्याचा जावई रुळांवर सापडला. पाथरवटाचा थोरला गेल्या वर्षी खाणीच्या पाण्यात बुडाला. खरं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक, पण अळीमिळी गुपचिळी. कारण स्मारक समितीचा नियम आहे: ज्यानं स्वतःचा जीव स्वतः घेतला तो भित्रा, त्याला दगडावर जागा नाही. मग मृताची बायको चार माणसांसमोर अपघाताच्या कागदावर सही करते, आणि नाव कोरलं जातं. ही रीत कुणी दुष्टपणानं पाडली नव्हती. दयेपोटीच पाडली होती, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची छाती होत नव्हती.

"झालं का गं कापड?" म्हातारीनं विचारलं.

"एक बाजू राहिलीय, आई."

"उद्या मास्तर कागद घेऊन येतील. चांगली साडी नेस."

मास्तर म्हणजे समितीचे अध्यक्ष, गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सुनेनं मान हलवली. टीप वाकडी गेली होती. ती उसवायला लागली.

एवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं. अंगणात खाटेवर बसलेला धाकटा दीर ताडकन उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तोही सैन्यात होता. वीस दिवसांच्या रजेवर आलेला, गुरुवारी परत जायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मांजर असेल, भावजी," ती हळूच म्हणाली.

"हो. माहितीय." तो हसला. "काही नाही, वहिनी."

"काही नाही." तिचा नवराही असंच म्हणायचा, याच हसण्यासकट. तोही दार उघडं ठेवायला सांगायचा, अर्ध्या जेवणातून उठायचा. आणि गेले आठ दिवस दीर फिरायला म्हणून खाणीकडे जात होता.

तिनं ते सासूला सांगितलंही होतं. "दमलाय पोरगं," सासू म्हणाली होती. "घरचे चार घास खाल्ले की ताळ्यावर येईल." थोरल्याच्या वेळीही ती असंच म्हणाली होती. तेव्हा सूनही तेच म्हणाली होती, आणि हे तिला विसरता येत नव्हतं.

दुपारी म्हातारी दगडापाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं. खडू पुसू नये म्हणून ती नावाच्या वरून, हवेतच बोट फिरवत राहिली.

"माझ्या लेकराचं नाव दगडावर येऊ दे गं," ती सुनेला म्हणाली. "मला दुसरं काही नको. येता-जाता हात लावता येईल."

सुनेला रडू आलं, आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

रविवारी दहाला मास्तर आले. पाववाला, टांगेवाला, त्यांच्या घरच्या विधवा मुली-सुना, शेजारीपाजारी, सगळे अंगणात जमले. दीर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि कागद वाचला: अमुक तारखेस, खाणीच्या काठावरून जाताना, दगड निसरडे असल्याने.

"एक सही, सूनबाई," ते मायेनं म्हणाले. "मग बाबा छिन्नी लावतील."

तिनं पेन घेतलं. समोर सासूचे जोडलेले हात होते. कोपऱ्यात दिराचे डोळे होते, आणि ते कागदाकडे नव्हते; ते तिच्याकडे होते.

"मास्तर, मी त्यांना शोधायला गेले तेव्हा बूट काठावर होते," ती म्हणाली. "शेजारी-शेजारी ठेवलेले. घड्याळ काढून बुटात ठेवलेलं. घसरणारा माणूस बूट काढून ठेवतो का?"

"सूनबाई, हे सगळं आता..."

"त्यांनी जीव दिला. दोन वर्षं ते आतल्या आत मरत होते आणि आम्ही जेवायला वाढत होतो. ते भित्रे नव्हते. त्यांना सांगायचं होतं, पण ज्या गावात मेल्यावरही खरं सांगता येत नाही, तिथं जिवंतपणी कुणाला सांगणार?"

"गप्प बस!" सासू किंचाळली. "नवरा गेला तुझा, आता नावही घालवतेस? अगं, काय केलं होतं मी तुझं?"

"आई, मी सही केली तर पुढच्यालाही असंच गप्प बसावं लागेल." ती म्हणाली. "मला आणखी एक नाव नकोय."

पेन तिनं मास्तरांच्या हातात परत दिलं. पाववाल्याची सून पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मास्तरांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "नियम माझ्या एकट्याच्या हातात नाही," ते म्हणाले, आणि त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

मग म्हातारा उठला. बादलीत फडकं बुडवून त्यानं पिळलं आणि मुलाचं नाव पुसायला लागला. तीन वेळा फडकं धुवावं लागलं. सून उभी राहून बघत होती. तिनं नजर वळवली नाही.

माणसं गेली. म्हातारीनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिला दोष कोण देईल? मुलगा गमावलेल्या आईचा शेवटचा आधार त्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत धुतला गेला होता. दोष द्यायचाच तर ज्यांनी सैनिकाला हार घालून पाठवलं आणि परत आल्यावर "कसा आहेस" एवढंही उत्तर ऐकायच्या तयारीनं विचारलं नाही, त्या आपल्या सर्वांना द्यावा लागेल.

सून पायरीवर बसली. थोड्या वेळानं दीर येऊन शेजारी बसला.

"वहिनी," तो म्हणाला. "काल मी पण बूट काढले होते."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. "सांग," ती म्हणाली. भावजी म्हणायचंही तिला सुचलं नाही. "सगळं सांग. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते. पण आधी सांग."

तो सांगू लागला. आधी तुटक, मग भडाभडा. आतल्या खोलीची कडी वाजली. म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली, मुलाच्या दुसऱ्या बाजूला टेकली आणि त्याचं मनगट तिनं दोन्ही हातांनी पकडलं. सुनेकडे तिनं पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कित्येक दिवस नाही.

"बोल बाळा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."