बुटावरची खार

"ही खार तुझ्याकडे बघतच नाहीये, झेनॉन. तुझ्या खिशाकडे बघतेय!"

लुत्सिनानं उशीला टेकल्या टेकल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक नजर टाकली आणि चोरी पकडली. तिचा नवरा झेनॉन अंगातला कोट न काढता तसाच पलंगाशी उभा होता. वाझेन्की बागेतून त्यानं आयुष्यातला सगळ्यात झकास फोटो आणला होता. बर्फावर तांबडी खार, कानांवरचे झुपके ताठ, डोळे कसे लुकलुकतायत!

"हेझलनट चारलेस ना तिला?"

"दोनच," तो पुटपुटला. "सगळेच चारतात. मुठीत नट वाजवायचे, 'बाशा, बाशा' म्हणायचं, की येते पळत. त्यात काय एवढं?"

बागेतल्या झाडून सगळ्या खारींचं नाव बाशाच.

"सगळे चारतात. मी चारले कधी?"

हे मात्र खरं. पोस्टाच्या खिडकीमागे उभी हयात काढलेली ही बाई, निवृत्त झाल्यावर जुना कॅमेरा घेऊन बागेत जाऊन बसायला लागली ती लागलीच. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. तिच्या फोटोतली खार कधी आपल्याकडे बघत नाही; ती आपल्या कामात असते. कुठे शेवाळ ओढतेय, कुठे पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या ढोलीत नेतेय. "तू तिथं नव्हतीसच गं, खारींनीच एकमेकींचे फोटो काढलेत," असं झेनॉन एकदा म्हणाला होता, तेव्हा ती दिवसभर गुणगुणत होती.

फेब्रुवारीत वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रात तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन लागायचं होतं. बागेतलं एक वर्ष, महिन्याला एक फोटो. डिसेंबर तेवढा राहिला आणि तिच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी जिने बंद केले, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट कसली नि काय! मग राहिला कोण, तर झेनॉन.

"जन्मभर ट्राम चालवली मी," तो वैतागला. "घंटा वाजवली की समोरचा बाजूला. हे वाट बघत बसणं मला नाही जमत!"

"बाकासारखं बसायचं. तू माणूस आहेस हे ती विसरली पाहिजे."

"बाकासारखं!"

"घरी बरं जमतं तुला?"

दुसऱ्या दिवशी त्यानं खिसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामे केले आणि तिच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसला. कॅमेरा मांडीवर. पायांची बोटं बधिर. पलीकडे एक आजी नट वाजवत होत्या आणि सगळ्या खारी तिकडे.

"घ्या हो थोडे, नुसते काय बसलात?" आजी म्हणाल्या.

"नको बाई. घरी बोलणी बसतील."

असे कितीतरी दिवस गेले. घरी येऊन तो चिडचिड करायचा आणि सकाळी मुकाट्यानं परत जायचा. एका दुपारी उजेड उतरताना लिंडनच्या झाडावरून एक खार खाली आली. सरळ आली, पुढचे पाय त्याच्या बुटावर ठेवले आणि बुटाच्या कडेला बर्फ उकरायला लागली. कधीतरी पुरलेलं काहीतरी शोधत होती. वर ढुंकूनही पाहिलं नाही तिनं! झेनॉननं कॅमेरा डोळ्याला न लावताच बटण दाबलं. एवढा मोठा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले.

लुत्सिना तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिली. बूट, चिखल, बर्फ, आणि आपल्या कामात गढलेली खार.

"हिला तू बाक वाटलास रे," ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "पण बूट पुसायचा तरी होतास! शी! सगळं गाव बघणार आता."

केंद्राचा तरुण व्यवस्थापक इग्नात्सी फोटो न्यायला आला. "हा सुंदर आहे, काकू. फक्त बूट तेवढा कापू या."

"बूट कापणार असाल तर बाकीचेही ठेवा इथंच," लुत्सिना म्हणाली. "आणि या फोटोखाली नाव झेनॉनचं घाला."

जानेवारीच्या अखेरीस लुत्सिना झोपेतच गेली.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. माणसं फोटोंपाशी थबकत होती, हळू आवाजात बोलत होती. झेनॉन डिसेंबरच्या फोटोशेजारी उभा होता. एक बाई फोटोतल्या चिखलाकडे बघून हसल्या. "कुणाचा हो हा बूट?"

"माझा," झेनॉन म्हणाला आणि त्यानं खाली बघितलं. बाईंनीही बघितलं. सकाळी स्वयंपाकघरात बसून त्यानं ते बूट घासून घासून लख्ख केले होते.