पक्कं पिंप

बायको गेल्यापासून पिंपवाला फारसा बोलत नसे. लाकडी फळ्या वाफेवर वाकवायच्या, लोखंडी पट्ट्या ठोकून बसवायच्या, एवढंच. प्लास्टिक आलं आणि गिऱ्हाईक आटलं. तीसेक पिंपं भिंतीशी धूळ खात पडली होती.

रस्ता रुंद करायला गल्ली पाडणार, अशी नोटीस आली. लोकांनी पलंग, कपाटं, टायर, हाताला लागेल ते गल्लीच्या तोंडाशी रचायला घेतलं. पिंपवाल्याची लेक शब्दकोशाच्या कचेरीत होती. ती तशीच घरी आली.

"बाबा, पिंपं हवीत."

"पिंपं साठवायला असतात गं, अडवायला नाही."

"बॅरिकेड हा शब्द कुठून आला, माहीत आहे? आत्ताच नोंद केली मी. फ्रेंचमध्ये बारीक म्हणजे पिंप. पूर्वी ते लोक पिंपांत दगडमाती भरून रस्ता अडवायचे."

"बारीक म्हणजे पिंप?" तो हसला. "आपल्याकडे तर जाड्या माणसाला पिंप म्हणतात."

कितीतरी महिन्यांनी तो हसला होता. त्या भरात त्याने एकूण एक पिंप रस्त्यावर लोटलं. बापलेकीने मिळून त्यांत माती भरली, गल्लीतल्यांनी ती एकावर एक रचली. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "आता येऊ दे कोण येतंय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाडकामाचं मशीन आलं, तेव्हा लेक इतरांबरोबर पिंपांमागे ठाण मांडून बसली होती. पलंग, कपाटं काडीसारखी मोडली. पिंपं तेवढी मोडेनात. चालकाने मशीन मागे घेतलं आणि जोरात पुढे आणलं. वरचं एक पिंप सुटलं ते थेट मागे बसलेल्या लेकीच्या छातीवर आलं.

पिंप फुटलं असतं, तर नुसती माती अंगावर पडली असती. ते फुटलं नाही. एक पट्टीसुद्धा ढिली झाली नाही. चार माणसांनी ते उचललं, तोवर सगळं संपलं होतं.

"तुमचा काय दोष त्यात?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"चांगलं बनवलं होतं ना मी," तो म्हणाला.

आठवड्याभरात गल्ली सपाट झाली. गावाबाहेरच्या इमारतीत त्याला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथे ठोकाठोकीला मनाई होती. कुणीतरी म्हणालं, अर्ज करा, खाली पत्र्याची शेड मिळेल. त्याने अर्ज केला नाही. हत्यारं पोत्यात बांधलेली होती, ती तशीच गंजली.